कोण म्हणाले, कोणाकडून ऐकले?

आमच्या इतिहास मंडळाने धर्म आणि पंथ या विषयावर एक लहानसा हस्तलिखित कोश करायचे ठरविले, तेव्हा ‘हदीस’ ही नोंद माझ्या वाट्याला आली. नोंद अवघी दोन पानांची. परंतु त्या दोन पानांसाठी कोणाचा शब्द धरायचा आणि कोणाचा सोडायचा, हे ठरविण्यातच माझी सबंध दिवाळीची सुटी गेली.

ललित लेखनात ‘असे म्हणतात’ खपून जाते. कोशात खपत नाही. शिवाय आमच्या वर्गातले मुसलमान मित्र ही नोंद वाचणार होते, आणि ज्यांना या धर्माविषयी चावडीवरच्या गप्पांपलीकडे काही ठाऊक नाही, असेही वाचणार होते. एका वाकड्या शब्दाने पहिल्यांचे मन दुखावायचे आणि दुसऱ्यांच्या गैरसमजाला पुरावा मिळायचा!

ग्रंथालयात आधी हाती आले ते सर विल्यम म्यूर यांचे १८५८ ते १८६१ या काळात निघालेले पैगंबर-चरित्र. म्यूर अरबी जाणणारे, मूळ साधने चाळलेले. पण ते सरकारी अंमलदार होते आणि मिशनरी कार्याचे पाठीराखेही होते. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये त्यांना उत्तर देणारे निबंध प्रसिद्ध केले. दोन्ही पुस्तके मी बाजूला ठेवली. एकोणिसाव्या शतकातला वाद समजून घ्यायला ती उत्तम, पण नोंदीचा पाया म्हणून नव्हेत. विनोबांचे ‘कुराणसार’ही तसेच. त्याविषयी मला अतोनात आदर आहे. परंतु ते निवडक आयतींचे विषयवार संकलन आहे, एखादी आयत मुळात कोणत्या संदर्भात येते ते पाहायला मूळ क्रमाचे भाषांतरच घ्यावे लागते.

मौज अशी की, साधने पारखण्याचा धडा मला हदीसशास्त्रानेच दिला. हदीसचे दोन भाग असतात : मजकूर म्हणजे ‘मत्न’, आणि तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी म्हणजे ‘इस्नाद’. पैगंबरांचे निधन ६३२ मध्ये झाले आणि बुखारींचा संग्रह नवव्या शतकातला. मधल्या दोनशे वर्षांतले सांगणारे कोण, त्यांची स्मरणशक्ती कशी, ते एकमेकांना भेटणे शक्य होते काय, याची छाननी करून मुस्लिम पंडितांनी हदीसांची वर्गवारी केली : सहीह, हसन, जईफ, आणि ज्या निव्वळ रचलेल्या, त्या मौजू.

आता खरी अडचण सांगतो. ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, या अर्थाचे वचन पैगंबरांच्या नावावर आपण सर्वांनी ऐकले आहे. आमच्या एका सरांना ते नोंदीच्या माथ्यावर हवे होते. शोधता शोधता दिसले की, ११व्या शतकातल्या बैहकींनी त्याची साखळी दुबळी ठरविली आणि १२व्या शतकातल्या इब्न अल्-जौजींनी तर त्याला रचलेल्या हदीसांत बसविले. माझ्या मित्राचे वडील उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक. हे वचन त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले. त्यांच्यापुढे हे कसे मांडावे? भीत भीत सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “लिहा ना बेटा. छाननी आमच्याच बुजुर्गांनी केली आहे. त्यात लपवायचं काय?” आणि त्यांनीच मला इब्न माजाच्या संग्रहातले, ज्ञान मिळविणे प्रत्येक मुसलमानाचे कर्तव्य आहे या आशयाचे वचन काढून दाखविले. अर्थात त्याच्याही साखळीविषयी पंडितांत मतभेद आहेत, हे त्यांनी स्वतःच जोडले. सरांना मात्र अखेरपर्यंत ते पटले नाही; चीन गेला म्हणून ते अजून हळहळतात.

पाश्चात्त्य संशोधकांचेही एकच एक मत नाही. गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये असे मांडले की, बऱ्याच हदीसांत पैगंबरांच्या काळापेक्षा पुढच्या पिढ्यांचे वादच उमटलेले दिसतात. शाख्त यांनी १९५० मध्ये तेच आणखी पुढे नेले. मुहम्मद मुस्तफा आजमी यांनी १९८५ मध्ये शाख्त यांचे सविस्तर खंडन केले. यांपैकी एकालाच उचलून ‘विद्वानांचे मत असे’ म्हणणे ही मला लबाडी वाटते. म्हणून मी प्रत्येक मत त्याच्या धन्याच्या नावे लिहिले. लायडनच्या इस्लामी विश्वकोशात प्रत्येक लेखाखाली लेखकाचे नाव असते आणि साधनांची यादी असते. त्यामुळे जाब विचारायचा तर कोणाला, हे तरी कळते. रस्त्यावर फुकट वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांत, मग त्या स्तुतीच्या असोत की निंदेच्या, नेमकी हीच गोष्ट नसते.

सनावळीचा घोळ वेगळाच. बुखारींचे निधन हिजरी २५६ चे. त्यात नुसते ६२२ मिळविले तर ८७८ येते. खरे साल ८७०. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. उलट मराठी कागदपत्रांतला शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असूनही सौर आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की काम भागते. मोडी शिकलेल्या माझ्या एका मैत्रिणीने हे समजावले आणि मग सर्व साले तिच्यासमोर बसून पुन्हा मांडली. नोंदीत आता दोन्ही सन शेजारी शेजारी आहेत, हिजरी आधी.