फाइल गेली, नोंद उरली

टिळकनगर, फडके रोड, मानपाडा रोड. माझी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं बहुतेक याच पट्ट्यात: सीएंची ऑफिसं, डीटीपीवाले, सोसायट्यांचे हिशेब ठेवणारे. मशीन हळू चाललं की फोन येतो, आणि बोलण्यात हमखास येतं, "ते सॉफ्टवेअर तर आम्ही केव्हाच काढलं." बहुतेकदा काढलेलं असतं ते नुसतं फोल्डर. त्या सॉफ्टवेअरची पडद्यामागे चालणारी सर्व्हिस विंडोजच्या यादीत तशीच असते.

ही यादी रजिस्ट्रीत असते. प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदीत 'इमेजपाथ' म्हणजे फाइलचा पत्ता, आणि 'स्टार्ट'चा आकडा: 2 म्हणजे आपोआप सुरू, 3 म्हणजे गरज पडली तर, 4 म्हणजे बंद. फाइल नाही पण आकडा 2, असं असलं की विंडोज दर वेळी तो पत्ता शोधतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 7000 क्रमांकाची तक्रार नोंदवून पुढे जातं. मशीन हळू होतं ते यामुळे नाही. ते होतं मागे राहून अजून चालू असलेल्या सर्व्हिसेसमुळे. जुन्या प्रिंटरचे अपडेटर त्यात पहिले.

तरी फाइल नसलेली नोंद मी सोडत नाही. अशा पुष्कळ सर्व्हिसेस लोकल सिस्टिम खात्यावर चालतात, म्हणजे मशीनवरचे जवळजवळ सगळे अधिकार त्यांना असतात. सॉफ्टवेअर थेट सी ड्राइव्हवर टाकलेलं असेल, तर ते पुसल्यावर साधा युजरही तिथे त्याच नावाचं फोल्डर बनवू शकतो. त्यात त्याच नावाची भलतीच फाइल ठेवली, की पुढच्या वेळी विंडोज ती त्या सगळ्या अधिकारांनिशी चालवणार. ज्या मशीनवर लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत, तिथे हे मला चालत नाही.

पण दिसलं की उडवलं, असंही करून भागत नाही. एका डीटीपीच्या दुकानात मी ऑटोरन्स उघडलं. विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दाखवणारं, मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं हे साधन. 2006 पासून सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टकडे आहे. फाइल न सापडलेल्या ओळी त्यात पिवळ्या दिसतात. मालक म्हणाले, "दादा, जुनं सगळंच काढून टाका." त्या जुन्यात डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या यूएसबी चावीचा, लायसन्स मॅनेजरही होता, आणि त्याची ओळ पिवळी नव्हती. तो ज्या सॉफ्टवेअरसोबत आला ते गेलं होतं. ब्राउझरमध्ये त्याच मशीनचं 1947 क्रमांकाचं पोर्ट उघडलं, तर तिथे डोंगल दिसत होतं. लग्नपत्रिकांचे फॉन्ट ज्यावर चालतात, ते सॉफ्टवेअर त्याच मॅनेजरकडून परवानगी घेत होतं. ती सर्व्हिस ठेवली.

बाकीच्यांचं मात्र ठरलेलं आहे. 'एससी क्यूसी' ही आज्ञा देऊन पत्ता वाचायचा, रजिस्ट्रीतली ती नोंद एक्स्पोर्ट करून ठेवायची, सर्व्हिस थांबवून डिसेबल करायची. मग आठवडाभर गिऱ्हाइकाला नेहमीचं काम करू द्यायचं, निदान एकदा रिटर्न भरून होऊ द्यायचं. डिजिटल सहीचं टोकन कशावर अवलंबून आहे ते तेव्हाच कळतं. त्यानंतर 'एससी डिलीट'. पॉवरशेलच्या जुन्या आवृत्तीत नुसतं 'एससी' म्हणजे फाइलीत मजकूर लिहिण्याची आज्ञा, म्हणून तिथे पुढे 'डॉट ईएक्सई' लावायलाच हवं. अँटिव्हायरसला ही रीत लावू नये; त्याचे ड्रायव्हर खोलवर असतात, त्याच्याच कंपनीचं काढण्याचं साधन वापरावं.

कधी 1072 ही एरर येते: सर्व्हिस पुसण्यासाठी खूण करून ठेवली आहे. तेव्हा पुष्कळदा सर्व्हिसेसची खिडकीच मागे उघडी असते. ती बंद केली की नोंद जाते.