भाड्याची जीप आणि आत्याचा रस्ता

आमच्या चिरंजिवांना २०२४च्या दिवाळीत साहस करण्याची इच्छा झाली. वय वर्षे एकोणीस, तेव्हा इच्छा होणे साहजिकच. पण हे साहस पायी करायचे नव्हते. चारही चाकांना जोर देणारी, उंच, गुबगुबीत आसनांची जीप भाड्याने घ्यायची आणि रस्ता सोडून डोंगरदऱ्यांतून हाकायची, असा बेत होता. मी मराठीचा प्राध्यापक. आमच्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा एक दंडनीय गुन्हा आहे, हे मी त्याला सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. भाडे ऐकून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “एवढ्यात आपण दोनदा कोकणात जाऊन येऊ.” तरीही गाडी ठरली, कारण मीच आतून फितूर झालो होतो.

माझे मूळ गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, धारूरच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात. गावात आता फक्त आत्या उरली आहे. साहसच करायचे तर तिकडे करू, म्हणजे दिवाळीची ओवाळणीही होईल, असा माझा हिशेब.

गाडी घेण्याचा सोहळा पुण्यात झाला. वाचकांपैकी कोणाला हा मोह झालाच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी कायदेशीर असेल, तर तिच्या पाटीवर काळ्या रंगावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ लागला तर नमस्कार करून निघावे. अपघात झाला तर विमा हात वर करण्याचा संभव फार. मग करारनामा आला. मी सवयीने तो शेवटपर्यंत वाचला. एकवीस वर्षांखालील व्यक्तीने गाडी चालवू नये, असे त्यात होते. म्हणजे साहस चिरंजिवांचे आणि चाक माझ्या हाती! पुढचे कलम त्याहून मौजेचे. गाडी रस्ता सोडून नेल्यास होणारे सर्व नुकसान भाडेकऱ्याचे. मागच्या भिंतीवर मात्र तीच गाडी नदीतून पाणी उडवीत चाललेली, असे भलेमोठे चित्र होते. मी चित्राकडे पाहिले आणि सही केली.

अहिल्यानगर, बीड, मांजरसुंबा, नेकनूर असे करीत केजला पोहोचेपर्यंत गाडीने मला मुकाट्याने चालवून घेतले. केज म्हणजे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तालुक्याचे गाव, कचेऱ्या, खताची दुकाने, एसटीची गर्दी. पण याच तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचे धरण आहे आणि लातूर शहर त्याचे पाणी पिते. हे धरण कोरडे पडले, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. पाऊस पडला तर काळ्या मातीचा राळा आणि न पडला तर आगगाडीने पाणी, असा हा मुलूख. दिवाळी उरकली की इथली हजारो माणसे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. आम्ही गेलो तेव्हाही वाटेवरच्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि पोरे बसली होती. आमच्या गाडीतली चामड्याची आसने मला त्या वेळी जरा टोचली, हे कबूल करतो.

गावाला आता पलीकडच्या अंगाने डांबरी सडक झाली आहे. तिने आम्ही सुखरूप पोहोचलो. चिरंजीव हिरमुसले.

आत्या सत्तरीला टेकलेली. तिने ओवाळले, सीताफळांची पाटी पुढे ठेवली (बालाघाटातली सीताफळे ज्याने खाल्ली नाहीत, त्याने पुण्यातल्या सीताफळाविषयी बोलू नये) आणि मग अंगणात येऊन गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

“जीप हाय व्हय ही?”

“हो, जीपच म्हण.”

“तहसीलदाराची असायची तसली?”

“तसलीच. जरा सुधारलेली.”

जीप म्हटले की आमच्या पिढीपर्यंत सरकारच डोळ्यांपुढे येई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निघालेली ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि जिथे रस्ता नाही तिथे सरकार तिच्यातून पोहोचू लागले. हौसेने, पदरचे भाडे भरून तिच्यात बसणारी माणसे फार अलीकडची.

दुसऱ्या दिवशी आत्याला अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला न्यायचे ठरले. चिरंजिवांनी गावकऱ्यांकडून माळावरच्या जुन्या रस्त्याचा शोध लावला होता. डांबरी सडक झाल्यापासून तिकडे गुरांखेरीज कोणी फिरकत नाही. “बाबा, तिकडूनच!” आत्यानेही मान हलवली. तिला स्टुलावर चढवून पुढच्या आसनावर बसवले. थंड हवा तिला सोसेना. “खिडकी उघड बापू, गुदमरायलंय.”

माळ चढेपर्यंत सारे ठीक होते. पुढे उतारावर ओढ्याने रस्त्यावरचा मुरूम पार धुऊन नेला होता आणि खालचे दगड दातांसारखे वर आले होते. मला टायर दिसले, टायरामागे करारनामा दिसला, करारनाम्यामागे अनामत रक्कम दिसली. मी गाडी हळूच शेजारच्या पडीक रानातून घेतली. दहा पावलेही गेलो नसू, चारही चाके जागच्या जागी फिरू लागली. नवशिक्याला वाटते, चारही चाकांना जोर आला की गाडी कुठेही जाईल. पण ओली काळी माती टायरच्या खाचांत गच्च भरते आणि टायर पाटीसारखा गुळगुळीत होतो. मग चारही चाकांखाली लोणीच असले, तर जोराने काय होणार? चिरंजिवांनी अगदी सावकाश चालण्याचा खालचा गिअर टाकायला लावला. गाडी तेवढीच सावकाश खाली बसली.

इतका वेळ गप्प बसलेली आत्या म्हणाली, “आरं बापू, चिखलात कशाला घातलीस? माझ्या दगडावर घालायची की.”

“तुझ्या?”

“मग कुणाच्या? बहात्तरचं काम हाय हे.”

१९७२च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. शेतात पेरलेले उगवले नाही आणि सगळे गाव या रस्त्याच्या कामावर आले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. हा आकडा मी पुस्तकात वाचला होता, पण त्या पन्नास लाखांत आमची आत्या आहे, हे कधी मनात आले नव्हते. दिवसभर खडी फोडायची, ढीग मापाने मोजून द्यायचा, मजुरी घ्यायची. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. “जीप आली की समदे उठून उभे ऱ्हायचो. साहेब उतरायचा न्हाई. काच बी न्हाई, कापडाचं दार. ते बाजूला करून बघायचा, अन् धुरळा उडवून जायचा.” असे म्हणून तिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. त्या बोटाचे नख वाकडे आहे, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते घणाखाली सापडले होते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, भाड्याच्या जीपमध्ये कळले.

चिरंजिवांचा मोबाइल चित्रीकरणासाठी वर धरलेला होता. तो खिशात गेला.

मग आम्ही सगळे कामाला लागलो. टायरांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. सौभाग्यवतींनी चाकांपुढची माती उलथन्यासारख्या एका काटकीने उकरली. चिरंजीव रस्त्याच्या कडेचे सुटे दगड आणून चाकांखाली घालू लागले. आत्या खाली उतरून काठावर बसली होती. “तो नको, गोल हाय. चपटा घे. आडवा न्हाई, उभा ठोक.” त्याने उभे ठोकले. तिसऱ्या खेपेला पुढच्या चाकाने दगड धरला आणि गाडी गुरगुरत रस्त्यावर आली. त्या धुपलेल्या, दातांसारख्या दगडांवरून ती खालच्या गिअरमध्ये एकदाही न घसरता ओढा उतरली. पन्नास वर्षांच्या पाण्याने मुरूम नेला, दगड तसेच होते.

ओढ्यापलीकडे गेल्यावर आत्याने गाडी थांबवायला लावली. आसनावर बसल्याबसल्याच मागे वळून तिने रस्ता पाहिला. “जरा वाकडाच झालाय,” ती म्हणाली. “मुकादमाला म्हनलं होतं मी.”

अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन झाले. दासोपंत आणि मुकुंदराज यांच्या समाधींकडे जायला वेळ उरला नाही. मराठीच्या प्राध्यापकाला हे शोभले नाही, पण त्या दिवशी मला त्याचे वाईट वाटले नाही. परतताना धारूरचा आदिलशाही किल्ला लांबूनच पाहिला.

पुण्यात गाडी परत करताना तिथला तरुण खाली वाकून चाकांच्या आतली वाळलेली काळी माती पाहू लागला.

“सर, रस्ता सोडून नेली होती का?”

“दहा पावलं,” मी म्हणालो. “चूक माझी.”

“आणि बाकी?”

“बाकी रस्ताच होता तो,” चिरंजीव मध्येच म्हणाले. “बहात्तर सालचा.”

त्याने आम्हा दोघांकडे एकदा पाहिले, धुलाईचे पाचशे रुपये कापले आणि उरलेली अनामत मोजून दिली.