चतकोर भाकरी, पाऊण एकर

बालमित्रांनो, नकाशात ‘शिरूर’ शोधायला बसलात तर जरा गोंधळ उडेल. एक शिरूर पुणे जिल्ह्यात आहे. बीडमध्ये शिरूर कासार आहे. आमच्याच लातूर जिल्ह्यात अहमदपूरकडे शिरूर ताजबंद आहे. आणि चौथं आमचं, शिरूर अनंतपाळ! निलंगा, देवणी, चाकूर हे आमचे शेजारी तालुके. काळी जमीन, सोयाबीन-तुरीची शेतं, घरणी नदी आणि तिच्यावरचं धरण. चला, आज तुम्हांला आमच्या गावात अपूर्णांक दाखवायला नेते.

“अपूर्णांक? ते तर गणिताच्या पुस्तकात असतात!” असंच म्हणालात ना? मग आधी कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावा. आजी ज्वारीच्या भाकरीचे चार सारखे तुकडे करते. त्यातल्या एका तुकड्याला म्हणायचं चतकोर. दुकानात गेलात तर पाव किलो शेंगदाणे, सव्वा किलो साखर, अडीच किलो पीठ. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच! आपल्या भाषेत अपूर्णांकांना अशी घरची नावं आहेत. तुमच्या पणजोबांच्या वेळी तर शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी असे पाढेच पाठ करावे लागत.

मग वहीत १/४ आणि १/८ लिहिलं की घोटाळा का होतो? मी वर्गात विचारते, “यांत मोठा कोण?” बरीच मुलं जोरात ओरडतात, “एक अष्टमांश!” कारण आठ हा चारापेक्षा मोठा, नाही का?

मी यावर काही बोलत नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या प्रत्येकाला देते. पहिल्या पट्टीची मधोमध घडी घाला, पुन्हा मधोमध घडी घाला. उघडा. किती घरं झाली? चार. दुसरी पट्टी तशीच तीन वेळा दुमडा. आठ घरं. आता एकेक घर रंगवा आणि पट्ट्या एकाखाली एक ठेवा. वर्ग एकदम शांत होतो. एक अष्टमांश तर एक चतुर्थांशाच्या निम्माच निघाला! ‘छेद’ या शब्दाचा अर्थच कापणं. जितके जास्त काप, तितका तुकडा लहान. भाकरी खाणारे वाढले की वाट्याला कमी येते, तसंच हे.

पण एक अट आहे. सगळे भाग सारखे हवेत. आता सांगा, लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत आणि १९९९ साली झालेला आमचा तालुका त्यांतला एक. मग आम्ही जिल्ह्याचा एक दशांश झालो का? मोजणीत झालो, पण जमिनीच्या हिशोबात नाही. तालुक्यांचे आकार सारखे नाहीत. धरणाचंही तसंच. पाणी निम्म्या उंचीपर्यंत चढलं म्हणजे धरण निम्मं भरलं असं नव्हे. तळाशी जागा अरुंद असते, वर ती पसरत जाते. म्हणून तिथे पाणी निम्म्याहून कमीच असतं.

आता गावाबाहेर शेतात चला. एक एकर म्हणजे ४० गुंठे. समजा, आजोबांची ३ एकर जमीन आहे. तेवढा एक कागद घ्या. दोन मुलगे, म्हणून मधोमध एक घडी. प्रत्येकाला दीड एकर. पुढे त्या प्रत्येकाची दोन मुलं, म्हणून आणखी एक घडी. दीडचं निम्मं पाऊण एकर, म्हणजे ३० गुंठे. आणखी एक पिढी, आणखी एक घडी. हातात उरले १५ गुंठे! तीन घड्या आणि कागद तळहाताएवढा. शेतकऱ्याच्या घरी “एवढ्याशा रानात भागत नाही” असं का म्हणतात, ते मुलांना न सांगता कळतं.

एकदा हा खेळ चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, अन् आत्या कुठं गेली?”

किती बरोबर प्रश्न! हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. महाराष्ट्राने तर हे पाऊल १९९४ मध्येच उचललं होतं. मग दोन भाऊ आणि एक बहीण असली, आणि नुसता भावंडांचाच हिशोब धरला, तर भाग करायचे तीन. दोन निम्मे करून वर बहिणीला काही देता येत नाही. पहिल्यापासूनच तिला मोजावं लागतं. ३ एकरांत तिघांना एकेक एकर.

पण तीन भागांची घडी घालायची कशी? कागद पत्रासारखा सैल दुमडा, एक बाजू वरून, एक खालून. तिन्ही थर जुळेपर्यंत सरकवत राहा आणि मगच दाबा. झाला एक तृतीयांश!

याच घडीने आणखी एक कोडं सुटतं. १/२ अधिक १/३ किती? “२/५” म्हणू नका हं! चौकोनी कागद उभा तीन भागांत दुमडा, मग आडवा दोन भागांत. उघडलात की ६ घरं दिसतील. निम्मा कागद म्हणजे ३ घरं, तिसरा हिस्सा म्हणजे २ घरं. मिळून ५ घरं, म्हणजे ५/६. समच्छेद करायचा म्हणजे दोघांनाही मोजता येतील अशी सारखी घरं पाडायची. बस्स!

घड्यांनी गणित शिकवण्याची ही युक्ती जुनी आहे. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बालवाडीतल्या कागदकामावरून त्यांना ही कल्पना सुचली. १९०१ मध्ये ते पुस्तक अमेरिकेत शिकागोलाही छापलं गेलं. आपल्या पुण्यात आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून अशीच खेळणी करून दाखवली.

पालकहो, यासाठी पैसे लागत नाहीत. जुनी लग्नपत्रिका, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, रद्दी, काहीही चालेल. मूल चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका, कागद हातात द्या.

आणि बालमित्रांनो, आज घरी एक काम करा. आपल्या शेताचे, घराचे किंवा नुसत्या भाकरीचे किती वाटे होतात ते विचारा आणि तेवढेच भाग होतील अशा घड्या घाला. घडी घालण्याआधी मोजून घ्या, कुणी राहिलं तर नाही ना?