आठवड्याचा नेम

मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांना बिलगून राहतात. देवापुढे धरला जातो तो नेम, आणि गोटीने किंवा बंदुकीने धरला जातो तोही नेमच. पहिल्यात नियम आहे, दुसऱ्यात लक्ष्य. एखाद्या माणसाचा काही नेम नाही असे म्हटले जाते तेव्हा तो केव्हा काय करील हे सांगता येत नाही, एवढाच अर्थ असतो. परंतु ज्याला नियम नाही त्याचे लक्ष्यही ठिकाणावर नसते, अशी एक जुनी समजूत त्या वाक्प्रयोगात दडलेली आहे. दर आठवड्यासाठी स्वतःपुढे उद्दिष्टे मांडणारा माणूस या दोन अर्थांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. तो लक्ष्य ठरवतो आणि त्यालाच नियम समजतो.

साठी ओलांडलेल्या सुशिक्षित गृहस्थाच्या टेबलाच्या खणात अशी एक वही हमखास सापडते. जुन्या डायरीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर पट्टीने आखलेले तीन रकाने असतात. पहिल्यात चालणे आणि वजन, दुसऱ्यात जप किंवा पोथीचा अध्याय, तिसऱ्यात वाचलेल्या पुस्तकाची पाने. देह, देव आणि ग्रंथ यांची अशी शेजारशेजारची मांडणी पाहिली की आयुष्य आता हाताशी आले आहे असे वाटू लागते. पहिले तीन आठवडे रकाने भरलेले असतात. चौथ्या आठवड्यात पाहुणे येतात, पाचव्यात सर्दी होते आणि सहाव्या पानापासून त्या वहीत दुधाचा हिशेब सुरू होतो. याला मनाचा दुबळेपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण हा दुबळेपणा इतका सार्वत्रिक आहे की दोष माणसापेक्षा मांडणीत असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मुळात आठवडा हेच एक चमत्कारिक माप आहे. भारतातील जुनी व्रते चंद्रावर चालतात. एकादशी, संकष्टी, पौर्णिमा यांना आकाशाची साक्ष असते. चंद्र वाढतो, कलतो आणि विसरलेल्या माणसालाही तिथीची थोडीफार आठवण करून देतो. वार मात्र आकाशात कोठेच दिसत नाही. ग्रहांची नावे घेऊन चालणारा सात दिवसांचा क्रम पश्चिमेकडून ज्योतिषाबरोबर इकडे आला. वाराचा निःसंशय उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय लेखांपैकी एक मध्य प्रदेशातील एरण येथे स्तंभावर कोरलेला आहे. तो बुधगुप्ताच्या काळातला, इ. स. ४८४ मधला, आणि त्यातला वार गुरुवार आहे. वार टिकतो तो केवळ लोक मोजत राहतात म्हणून. आज सोमवार आहे याला दुसरा कोणताही पुरावा नाही. सर्वांनी मिळून तसे मानले आहे, इतकेच. मराठी माणसाने हे माप आठवडी बाजाराच्या अंगाने पक्के केले. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत दोन्ही टोके धरून आठ दिवस होतात, म्हणून सात दिवसांच्या या काळाला नाव पडले आठवडा. (त्याचा 'आठवणी'शी काही संबंध नाही, कानाला तसा भास होतो खरा.) मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लावून धरलेल्या मागणीनंतर, १८९० मध्ये. ज्या रविवारी वहीवाला गृहस्थ मागील आठवड्याचा हिशेब घालतो, तो रविवार त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी भांडून मिळवलेला आहे.

स्वतःच्या सुधारणेसाठी आठवडा वापरण्याचे अत्यंत पद्धतशीर उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन याचे. १७३० नंतरच्या काळात, फिलाडेल्फियात मुद्रकाचा व्यवसाय करत असताना, त्याने तेरा गुणांची एक यादी केली. खाण्यापिण्यातला संयम तिच्यात पहिला होता, कारण डोके स्वच्छ असेल तर पुढचे गुण साधणे सोपे, असा त्याचा व्यवहारी हिशेब होता. विनय हा तेरावा गुण नंतर जोडला गेला; तू गर्विष्ठ समजला जातोस असे एका क्वेकर मित्राने त्याला सांगितले तेव्हा. प्रत्येक आठवडा एका गुणाला दिलेला. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, वर्षात चार. लाल शाईने आखलेल्या छोट्या वहीत सात उभे रकाने आणि तेरा आडव्या ओळी; चूक घडली की काळा ठिपका. ठिपके खोडून खोडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने ती कोष्टके टिपणवहीतल्या हस्तिदंती पानांवर उतरवली. रेघा पक्क्या राहत आणि शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत. सुव्यवस्था या गुणाने त्याला फार छळले, हे तो मोकळेपणाने सांगतो. पुढे वर्षाला एकच आवर्तन होऊ लागले, मग काही वर्षांत एक, आणि परदेशप्रवास व कामे वाढली तसे तेही थांबले. वही मात्र तो जवळ बाळगत राहिला.

फ्रँकलिनच्या आत्मचरित्राचे वाचक या कोष्टकापाशी रमतात आणि त्याच पुस्तकातला दुसरा आठवडा त्यांच्या नजरेतून सुटतो. १७२७ मध्ये त्याने काही मित्रांना जमवून एक मंडळ काढले होते. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याची बैठक होई. नीती, राजकारण, विज्ञान यांतला एखादा प्रश्न चर्चेला येई आणि प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा असे. आपली पुस्तके एकत्र ठेवावीत, या मंडळींच्या कल्पनेतून आणि तिच्या फसण्यातूनही, १७३१ मध्ये वर्गणीदारांचे ग्रंथालय उभे राहिले. ते आजही चालू आहे. एकाच माणसाने, जवळजवळ एकाच वयात सुरू केलेल्या या दोन नेमांपैकी एकांतातला विरून गेला आणि शुक्रवारचा काही दशके टिकला. फ्रँकलिनची इच्छाशक्ती दोन्हीकडे तीच होती. फरक इतकाच की शुक्रवारी त्याची कोणीतरी वाट पाहत असे.

तीन रकान्यांकडे पुन्हा पाहिले तर ते एका जातीचे नाहीत हेही लक्षात येते. देहाला आकडा मानवतो. किती मैल चाललो, वजन किती उतरले, हे लिहिण्यात काही खोटे नाही, आणि देह हा साक्षीदार म्हणून बराच प्रामाणिक असतो. सोमवारच्या उपवासाला खाल्लेली साबुदाण्याची खिचडी तो कोणत्याही देवाच्या खात्यावर लिहू देत नाही. श्रद्धेचे तसे नाही. तिच्या रकान्यातली खूण माणूस आसनावर बसला होता एवढेच सांगते. तो तेथे होता की नाही हे सांगत नाही. पुढे पुढे खुणेसाठीच बसणे होते आणि भक्तीचे हजेरीपत्रक बनते. वाचनाची गोष्ट तर सर्वांत नाजूक. पारायणाला आकडा चालतो, कारण गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्याला पोथीत पुढे काय आहे ते ठाऊक असते. सात दिवसांत अध्यायांची वाटणी ही तिथे उपासनेची लय असते. नवे पुस्तक हाती घेणाऱ्याने आठवड्याला दोनशे पाने असा नेम केला की तो नकळत पातळ पुस्तके निवडू लागतो. ज्या एका पानापाशी आठ दिवस थांबायला हवे तेथून तो धावत सुटतो, आणि वही सांगते की आठवडा चांगला गेला. त्यापेक्षा ग्रंथालयाच्या पुस्तकावर मारलेला परतीच्या तारखेचा शिक्का अधिक शहाणा. तो पाने मोजत नाही. हे पुस्तक मागणारा दुसरा कोणीतरी आहे, एवढेच तो सुचवतो.

हे तिन्ही रकाने एकत्र विणण्याचा प्रयत्न गांधीजींनी जोहान्सबर्गमध्ये वकिली करत असताना केला होता. सकाळी दात घासायला लागणारी पंधरा मिनिटे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि उभ्या उभ्या तेरा अध्याय पाठ केले. आरोग्य, धर्म आणि वाचन यांची इतकी काटकसरीची सांगड दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण अठरा अध्याय काही पुरे झाले नाहीत. दुसरी कामे आली आणि तो वेळ त्यांनी खाल्ला, हे आत्मकथेतच नमूद आहे. पुढच्या काळातले त्यांचे सोमवारचे मौन मात्र वर्षानुवर्षे चालले. ते मुळात विश्रांतीसाठी आणि साचलेल्या लिखाणाला सवड मिळावी म्हणून सुरू झाले होते. त्यातला आध्यात्मिक अर्थ त्यांना मागाहून उमगला. देहाच्या रकान्यात लिहिलेली गोष्ट अशी आपोआप शेजारच्या रकान्यात सरकली. ती टिकली याचे एक कारण असे की, सोमवारी हा माणूस बोलणार नाही हे भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाले होते. नेम त्यांचा होता, पण तो सांभाळण्याचे काम इतरांनीही उचलले होते.

१९३० मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर साबरमतीच्या आश्रमासाठी एक पत्र लिहीत. प्रत्येक पत्रात एक व्रत: सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अशा क्रमाने. 'मंगल प्रभात' हे त्या पत्रांच्या पुस्तकाचे नाव त्या वारावरूनच पडले. पत्र मंगळवारी लिहायचे, आश्रमातल्या मंडळींनी ते एकत्र ऐकायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुढचे व्रत. स्वदेशीवरचे प्रकरण तेवढे तुरुंगात लिहिले गेले नाही. त्या विषयाला हात घालताना राजकारण टाळता येणार नाही आणि कैद्याने ते लिहू नये, म्हणून ते सुटकेनंतर लिहिले गेले. नेम पाळण्याच्या भरात दुसरा नेम मोडू नये, ही दक्षता त्या रिकाम्या जागेत दिसते.

दोन वर्षांनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. पहिला रविवार २१ फेब्रुवारी १९३२ चा, शेवटचा १९ जूनचा. अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार चुकला नाही. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते, साधे सत्याग्रहीही होते, आणि साने गुरुजी समोर बसून ते सारे उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हा मराठीतला विलक्षण वाचनीय ग्रंथ अशा रीतीने एका साप्ताहिक नेमातून जन्मला. तुरुंगात पाहुणे येत नाहीत आणि परगावी जावे लागत नाही, म्हणून हे साधले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण कोठडीत एकटे बसून पाठ करण्यापेक्षा हे वेगळे होते. विनोबांचा एखादा रविवार चुकला असता तर तो त्यांचा एकट्याचा चुकला नसता. बोलणारा, ऐकणारे आणि लिहिणारा असे तिघांनी मिळून ते अठरा आठवडे धरून ठेवले होते.

समुदायाने धरलेला वार किती लांब जाऊ शकतो याचे उदाहरण कोकणात आहे. तेथील बेने इस्रायल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची भाषा मराठी झाली, हिब्रू मागे पडली, धर्मग्रंथ हातांत उरले नाहीत. खाण्यापिण्याचे काही नियम, सुंता, एक प्रार्थना आणि शनिवार एवढे शिल्लक राहिले. मग कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यावर ग्रंथ पुन्हा आले आणि वाचनही आले. या क्रमाकडे साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. ग्रंथ हरवले असता वाराने धर्म सांभाळला, आणि त्या वारामुळेच ग्रंथांना परत येण्याची वाट राहिली. घाणा बंद असलेला पाहणारे शेजारी वेगळ्या धर्माचे होते. त्यांनी दिलेल्या नावातही त्या नेमाची नोंद होत राहिली.

वहीतल्या उद्दिष्टांना आणखी एका गोष्टीची उणीव असते. जुन्या व्रताला शेवट असतो. मंगळागौर नव्या नवरीने पाच वर्षे पुजायची आणि मग उद्यापन करून मोकळे व्हायचे. मध्ये एखादा मंगळवार अडचणीचा आला तर काय करायचे हेही घरातल्या थोरल्या बायकांना ठाऊक असे. रकान्यांच्या वहीला उद्यापन नाही. तिच्यात नेम संपत नाही, फक्त मोडतो. आणि मोडल्याची जाणीव इतकी बोचरी असते की माणूस एक आठवडा चुकला म्हणून पुढचे पन्नास सोडून देतो. डॉक्टरांनी सांगितलेले चालणे अशा रीतीने सुटते तेव्हा किंमत खरोखरीची मोजावी लागते. मित्राबरोबर फिरायला जाणारे मात्र थंडीतही उठतात, कारण खाली रस्त्यावर कोणीतरी हाक मारत असते.

श्रावणातल्या प्रत्येक वाराला कहाणी आहे. रविवारच्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत व्रत करणारीला कहाणी सांगण्यासाठी ऐकणारा लागतो. तो घरात नसला तर उपाशी माणूस शोधावा लागतो, मग तो मोळीविक्या का असेना. हाती सहा मोती असतात. तीन सांगणारीने स्वतःकडे ठेवायचे आणि तीन ऐकणाऱ्याला द्यायचे.