बुऱ्हाणपूर ते नेवार्क : एका थर्मासचा प्रवास

आमच्या बुऱ्हाणपुरात विमानतळ नाही. रेल्वे स्टेशन मात्र जुनं आणि ऐटदार, मुंबई–इटारसीच्या मोठ्या लाईनवरचं. त्यामुळे आमच्याकडे ‘प्रवास’ म्हटलं की आगगाडीच डोळ्यांसमोर येते. वेताची टोपली, पुऱ्या, सुकी भाजी आणि कॉफीचा थर्मास. विमानाने जायचं तर आधी इंदूरला पोचावं लागतं. सुमारे १८० किलोमीटर, असीरगडच्या पायथ्यावरून, खंडवा, सनावद, मग मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, पुढे सिमरोलचा घाट. साडेचार-पाच तास धरायचे.

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबांना अमेरिकेला न्यायचं होतं. सोबतीला मी. निघायच्या दिवशी दुपारी आईने सवयीने सव्वा लिटरचा स्टीलचा थर्मास भरला. आमच्या घरची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, भरपूर साखर आणि वरून किसलेलं जायफळ. चिकमंगळूरची पावडर मी बंगळूरहून आणतो, पण त्या पावडरीचं आई जे काही करते ते पाहून तिथल्या मित्रांना हुंदका फुटेल.

“अगं आई, विमानात देतात कॉफी.”

“त्यांच्यात जायफळ असतं का?”

विषय संपला.

पहिला कप मोरटक्क्याला झाला. इंदूरच्या तपासणीत माझ्या पोटात गोळा आला होता, पण जवानाने झाकण उघडायला लावलं, वास घेतला, बाबांना एक घोट प्यायला सांगितलं आणि जाऊ दिलं. देशांतर्गत उड्डाणांत पाण्याची बाटली किंवा असं पेय सहसा नेऊ देतात. शेवटचा शब्द मात्र तपासणाऱ्याचा, तिथे हुज्जत घालू नये.

विमान वर गेल्यावर बाबांनी थर्मासचं बटण दाबलं आणि कॉफीची चिळकांडी थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. मी मेकॅनिकलचा बीई, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो. इतक्या वर्षांनी शिक्षणाचा उपयोग झाला, पण शर्ट खराब झाल्यावर. केबिनमधला हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका तो कमी ठेवलेला असतो. थर्मासमध्ये कोंडलेली हवा जमिनीवरची, ती बाहेर पडायला बघते आणि कॉफीला पुढे ढकलते. वेफर्सची पाकिटं वर गेल्यावर फुगतात तेही याच कारणाने. म्हणून थर्मास विमानात न्यायचाच असेल तर बटणाचा नको, फिरकीच्या झाकणाचा घ्यावा, काठोकाठ भरू नये, आणि उघडताना झाकण सावकाश सैल करून आधी हवा जाऊ द्यावी. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी किंवा विमान हिसके खात असताना तर उघडूच नये. शेजारच्याच्या मांडीवर गरम दूध सांडणं हा शर्ट खराब होण्यापेक्षा मोठा अपराध आहे.

इंदूरला थर्मास सुटला म्हणून मी निर्धास्त झालो. चूक तिथे झाली, आणि ती पूर्ण माझी. मुंबईहून पुढचं उड्डाण आंतरराष्ट्रीय. तिथे हातातल्या सामानात द्रवपदार्थ न्यायचा तर प्रत्येक डबी किंवा बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची, आणि त्या सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ती बाटलीची क्षमता, आत किती उरलंय ते नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. नवीन स्कॅनर बसवल्यावर एडिंबरो आणि बर्मिंगहॅमने जुलै २०२५ मध्ये तो सैल केला, पण आपल्याला सगळीकडे तसंच मिळेल असं धरून चालू नये.

रात्रीचे साडेनऊ-दहा. जवान तरुण होता, बोलायला मऊ. “माताजी, ये अंदर नहीं जाएगा. यहीं पी लीजिए, या फेंकना पड़ेगा.”

थर्मासमध्ये अर्धा लिटर तरी कॉफी होती. आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेली, नऊ महिने पोरीच्या काळजीत काढलेली ती बाई डस्टबिनशेजारी हातात थर्मास घेऊन उभी होती आणि हे मला आधी सांगता आलं असतं. बाबा म्हणाले, “ओता की मग. पिऊन टाकू.” आमच्यामागे जळगावचा एक मुलगा होता, एमएससाठी निघालेला, डोळे लाल. मराठी ऐकून हसला. आईने थर्मासच्या झाकणात पहिली कॉफी त्यालाच दिली. मग बाबा, मी, शेवटी ती. दहा तासांनी कोमट झाली होती. मुलाने झाकण परत देताना विचारलं, “काकू, जायफळ आहे ना?”

रिकामा थर्मास बिनबोभाट पलीकडे गेला. रिकामं भांडं चालतं. आणि तपासणीनंतरच्या दुकानात विकत घेतलेली कॉफी सहसा विमानात नेता येते. बॅटरीवर गरम होणारा मग असेल तर त्याची सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवावी लागते, चेक-इनच्या बॅगेत नाही.

पावडरीचं वेगळं. अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा, म्हणजे शीतपेयाच्या एका कॅनपेक्षा, जास्त पावडर असेल तर २०१८ पासून तिची जादा तपासणी होऊ शकते आणि समाधान झालं नाही तर ती ठेवून घेतात. ताईसाठीची एक किलो पावडर म्हणून मी मोठ्या बॅगेत टाकली होती. पोचल्यावर खाण्याचं काही आहे का विचारतात, तिथे ‘हो’ म्हणायचं. भाजलेली कॉफी चालते, लपवाछपवी चालत नाही. जाता जाता, आखातात जाणाऱ्यांसाठी : संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेऊ नका, आणि सौदी अरेबियात निव्वळ जायफळ. आमच्या आईला तिकडे नेणं अवघड आहे.

कॉफी नेण्याच्या नियमांचा इतिहास तसा जुनाच. येमेनमधून रुजणारं बी बाहेर न्यायला बंदी असताना बाबा बुदान यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आणि आमच्या गावाचाही या पेयाशी अगदीच संबंध नाही असं नाही. सुरत–आग्रा रस्त्यावरचं बुऱ्हाणपूर तेव्हा कापडाची मोठी पेठ होतं. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो इथे शाहजादा परवेझला भेटला. पुढे त्याच्याकडे आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने हिंदुस्थानातले धर्मनिष्ठ लोक दारूऐवजी काळ्या बिया पाण्यात उकळून कॉफी पितात असं लिहून ठेवलं आहे. सुरतेचे व्यापारी मोखा बंदरात कापड नेत आणि कॉफी आणत. दुधाचा आणि जायफळाचा उल्लेख टेरी करत नाही, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्याला कुणी दिली नसेल.”

विमानातली कॉफी मात्र खरंच पांचट लागते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी जमिनीवरच विमानासारखी केबिन करून लोकांना जेवायला दिलं, तेव्हा कमी दाबात गोड आणि खारट दोन्ही चवी मंद होतात असं आढळलं. त्यात कोरडी हवा, म्हणजे नाकही अर्धं बंद.

साधारण सहा तासांनी हवाई सुंदरीने कागदी कपात कॉफी दिली. बाबांनी एक घोट घेऊन कप ट्रेवर ठेवला. आईने पर्स उघडली, रुमालाच्या घडीतून कुंकवाची असते तेवढी एक डबी काढली. तपासणीत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने चिमूटभर जायफळ बाबांच्या कपात टाकलं, बोटानेच ढवळलं, मग माझ्याही.

“घ्या,” ती म्हणाली, “आणि ताईची डबी वेगळी आहे, ती मागू नका.”