भविष्यकाळाचा डांगोरा

आमच्या लहानपणीं नांदेडास नवा सिनेमा लागला म्हणजे त्याची वार्ता टांग्यांतून येत असे. टांग्याच्या दोन्ही अंगांस रंगीत फळे बांधलेले, आंत भोंगा घेऊन बसलेला एक घसा बसलेला गृहस्थ, आणि मागें गुलाबी-हिरव्या पत्रकांसाठीं धांवणारीं आम्ही पोरें! टांगा वजिराबादेकडे वळला कीं गलबला संपे. पत्रकाची मागची बाजू कोरी असे. तिच्यावर आम्ही गणितें सोडवीत असूं. सिनेमा पाहावयास मिळो वा न मिळो, कागद तरी पदरांत पडे. त्या काळच्या जाहिरातीविषयीं आमची तक्रार नाहीं.

आतांचा डांगोरा टांग्यांत मावत नाहीं. विशेषतः ज्यांस विज्ञानपट म्हणतात, ज्यांत यंत्रमानव, परग्रहवासी, उडत्या गाड्या आणि शेंकडों वर्षांपुढचीं नगरें असतात, ते पडद्यावर येण्याच्या आधीं वर्ष-दीड वर्ष आपल्या घरांत येऊन राहतात. प्रथम नांव जाहीर होण्याचा दिवस जाहीर होतो. मग नांव जाहीर होतें. मग नायकाचें एक छायाचित्र, मग अर्ध्या मिनिटाची झलक, मग अडीच मिनिटांची झलक, आणि त्या झलकेंत काय काय दडलें आहे हें उलगडून सांगणारे विद्वान् भाष्यकार! मूळ ग्रंथावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पण ही परंपरा आम्हांस परिचित आहे. परंतु तेथें मूळ ग्रंथ आधीं होता. येथें तो अवतरण्यापूर्वींच भाष्यें निघतात.

या साऱ्याचा आम्हांस आतां शीण आला आहे, हें आम्ही मोकळेपणानें सांगतों. वाचक म्हणतील, यांचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पुढचें सारें आयुष्य अमरकोश आणि रघुवंश यांत गेलें. लातुरास शाळेंत संस्कृत शिकवून हे निवृत्त झाले व वडिलोपार्जित घरीं नांदेडास परतले. असल्या जुनाट माणसास विज्ञानपटांचें वावडें असावयाचेंच! तसें मात्र नाहीं. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून खालचा समुद्र न्याहाळण्याची ज्यास सवय झाली, त्यास अंतराळयानाची भीति कसली? ब्रह्मलोकीं थोडा वेळ थांबून परतलेल्या ककुद्मी राजास पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलेलीं आढळलीं, ही भागवतांतील कथा वर्गांत सांगितली म्हणजे मागच्या बांकावरचीं पोरेंहि पुढें सरकत. पूर्वजांस सापेक्षतावाद ठाऊक होता, असला दावा आम्हीं कधीं केला नाहीं. कल्पना ती कल्पना, शास्त्र तें शास्त्र. पण आश्चर्याचें वेड आम्हांस पहिल्यापासून आहे. कंटाळा आहे तो आश्चर्याच्या या आगाऊ वसुलीचा.

हा कंटाळा प्रथम कोठें जडला तें आम्हांस नेमकें आठवतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचा मुलूख भूकंपानें उद्ध्वस्त झाला. गणपति विसर्जन करून दमून निजलेलीं माणसें दगडमातीच्या जाड भिंतींखालीं सांपडलीं. सुमारें दहा हजार जीव गेले. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं, १९९४ सालीं, 'ज्युरासिक पार्क' हा चित्रपट हिंदी बोलूं लागला व यथाकाल लातुरास आला. येण्यापूर्वींच त्याचा बोभाटा एवढा झाला होता कीं, शाळेंत मुलें दुसरें कांहीं बोलेनात. शेवटीं वर्गांतील पंधरा-वीस मुलांस घेऊन आम्ही गेलों. त्यांत किल्लारीकडच्या एका खेड्यांतला मुलगा होता. घरचीं तीन माणसें त्या पहांटे गेलेलीं. लातुरास नातलगांकडे राहून तो शिकत होता.

त्या चित्रपटांत एक प्रसिद्ध प्रसंग आहे. रात्र आहे, मोटार थांबलेली आहे, आंत ठेवलेल्या पेल्यांतील पाण्यावर एकाएकीं वर्तुळें उमटूं लागतात. तो अजस्र प्राणी अद्यापि दिसत नाहीं, केवळ जमीन हादरते. सारें थिएटर श्वास रोखून होतें. तेवढ्यांत तो मुलगा उठला व अंधारांत चांचपडत बाहेर गेला. आम्ही मागोमाग गेलों. तो बाहेरच्या पायरीवर बसला होता आणि उजव्या हाताचा तळवा त्यानें जमिनीवर पालथा टेकला होता. जमीन स्थिर आहे ना, एवढेंच तो पाहत होता. काय बोलावें तें न सुचून आम्हींहि शेजारीं बसून आपला तळवा टेकला. आंतून पोरांच्या किंकाळ्या व हंशा ऐकूं येत होता. चित्रपट संपेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसलों.

दोष चित्रपटाचा नव्हता. ज्यानें तें पेल्यांतलें पाणी योजिलें त्यास भय कसें येतें हें खरोखर ठाऊक होतें. परंतु समोरच्या भिंतीवर थरकांपाचें आमंत्रण देणारा एक प्रचंड फलक लावलेला होता, आणि त्याच्याखालीं तें पोर बसलें होतें. जाहिरात सर्वांस एकच भावना आगाऊ वांटून ठेवते. समोर कोण येऊन बसणार आहे याची ती चौकशी करीत नाहीं. तेव्हांपासून असल्या फलकांविषयीं मनांत जी अढी बसली ती कायमची.

पुढें घरच्या मुलांच्या आग्रहास्तव पुष्कळ पाहिलें. २००९ सालीं 'अवतार'साठीं काळे चष्मे चढविले; २०११ च्या दिवाळींत 'रा.वन' झाला, २०१८ सालीं '२.०' झाला. प्रत्येक वेळीं ऐकावयास मिळालें कीं, असें पूर्वीं कधीं झालें नाहीं व पुढें होणार नाहीं. दर दोन-चार वर्षांनीं 'न भूतो न भविष्यति' घडूं लागलें म्हणजे त्या शब्दांस अर्थ उरत नाहीं. आणि हल्लीं तर कथेऐवजीं खर्चाचाच आंकडा सांगतात. लग्नांत वधूवरांविषयीं चकार शब्द न काढतां मांडवास किती लागले तेवढेंच सांगत सुटावें, तशांतला हा प्रकार!

अशा मनःस्थितींत आम्ही असतां 'कल्कि' आला. त्याचें नामकरण जुलै २०२३ मध्यें अमेरिकेंत सॅन डिएगो येथें वाजतगाजत झालें. मूल जन्मास आलें २७ जून २०२४ रोजीं. दरम्यान चित्रपटांतली एक बोलकी मोटारगाडी शहरोशहरीं मिरविली गेली. खर्च सुमारें ६०० कोटि, असें वर्तमानपत्रांतून वारंवार वाचण्यांत आलें. आमच्या जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांस तेलंगणाची शीव लागलेली. तेव्हां तेलुगु चित्रपटाचा डांगोरा आमच्याकडे दुहेरी वाजतो.

आमचा नातू लातुरास बारावीस होता. रविवारीं तो घरीं आला तोच म्हणाला, "आबा, यंदा तुम्ही चलाच. यांत अश्वत्थामा आहे!"

आम्ही म्हणालों, "सौप्तिकपर्वांत त्याच्या शापाची मुदत तीन हजार वर्षें आहे. ती केव्हांच संपली. आणि असल्या तमाशास आमच्याजवळ वेळ नाहीं."

पोराचा चेहरा उतरला. तो कांहीं बोलला नाहीं. ताटांतलें अर्धें सोडून उठला. स्वयंपाकघरांतून आवाज आला, "महिन्यांतून एकदां येतंय पोर. तीन तास बसलांत तर कांहीं झिजायचं नाही." तेव्हां आम्हीं मुकाट्यानें धोतर सांवरलें व निघालों.

वास्तविक अश्वत्थाम्याची आणि आमची ओळख फार जुनी. आमची आजी सांगे कीं, कपाळावरचा मणि काढून घेतल्यामुळें त्याची जखम अजून वाहते आणि तो दारोदार तेल मागत फिरतो. शनिवारीं तेल मागणारे दारीं येत. आजी पळीभर तेल घाली आणि आम्ही भावंडें खांबाआडून त्यांचें कपाळ निरखीत असूं. एकाद्यानें फडकें खालपर्यंत बांधलेलें असलें तर त्या रात्रीं झोंप नसे. या कथेस ना फलक होता, ना झलक. आजीचा हलका झालेला आवाज तेवढा होता.

चित्रपट सुरू झाला. कुरुक्षेत्र आलें, अश्वत्थामा आला, आणि मग एकदम सन २८९८! भकास, तहानेली काशी आणि तिच्यावर तरंगणारी, हिरवळ व पाणी स्वतःपाशीं राखून बसलेली एक उलट्या शिखराची प्रचंड वास्तू. आवाज एवढा होता कीं, छातींतलें आपलें आहे कीं पडद्यावरचें, तें कळेना. आम्ही मनांतल्या मनांत चुकांची यादी करीत होतों. इतक्यांत नातू कानाशीं वांकून म्हणाला, "आबा, यांना मिरजेहून रेल्वे कां येत नाहीं?"

आम्हांस भलत्याच ठिकाणीं हंसूं फुटलें. पुढच्या रांगेंतील मंडळी वळून पाहूं लागली.

त्या विनोदाचें मूळ सांगितलें पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास पाणी राहिलें नव्हतें. मांजरा धरण आटलें होतें. पाणी भरण्याच्या जागीं दंगा होऊं नये म्हणून १४४ कलम लावावें लागलें होतें. अखेर एप्रिलांत मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवरून आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या. सारें मिळून सुमारें पांच लक्ष लिटर. 'जलदूत' असें तिचें नांव. नातू तेव्हां नऊ वर्षांचा होता. आम्हीं त्यास गाडी दाखवावयास नेलें, तेव्हां त्यानें विचारलें होतें, "आबा, या गाडीला खिडक्या कां नाहींत?" आम्हीं सांगितलें होतें, "यांतून माणसें येत नाहींत, तुझी आंघोळ येते." तो पोरगा त्यानंतर कित्येक दिवस तांब्यांतलें उरलेलें पाणी तुळशीस घालीत असे.

आमची समजूत होती कीं, हा डांगोऱ्यानें भारून गेला आहे. तो तर सहाशें कोटींच्या काशींत बसून लातूरची आंघोळ आठवीत होता!

परततांना गोदावरीच्या पुलाजवळ तो म्हणाला, "बरा होता, आबा. पण ट्रेलर वीस वेळां पाहिला होता. जें चांगलं होतं तें सगळं आधींच पाहून झालं होतं." त्याच्या स्वरांत राग नव्हता. आपलें कांहीं तरी हरवलें आहे आणि तें कोणी नेलें हें ठाऊक नाहीं, अशी कांहींशी ती खंत होती. मग आमच्या ध्यानीं आलें कीं, या डांगोऱ्यानें आमचें फारसें जात नाहीं. आम्ही कंटाळून घरीं बसतों. जातें तें या पोरांचें. कोणतीहि वस्तु पहिल्यानें पाहण्याचा क्षण एकदांच मिळतो, आणि तोच त्यांच्यापासून हप्त्याहप्त्यानें आधींच काढून घेतलेला असतो. आणि वर आम्हीं त्या पोरास त्याच्या ताटावर दुखविलें होतें!

त्या रात्रीं गच्चीवर आम्हीं प्रायश्चित्त घेतलें. त्यास म्हटलें, "आतां चित्रपटाचा हिशेब तपासूं." कलियुगाचा आरंभ परंपरेनें इ. स. पूर्व ३१०२ चा. तेथून २८९८ पर्यंत वर्षें झालीं सुमारें सहा हजार. कलियुगाची लांबी ४,३२,००० वर्षें, आणि कल्कि यावयाचा तो अखेरीस. म्हणजे चित्रपटवाल्यांनीं त्यास ४,२६,००० वर्षें आधींच बोलाविलें! नातू पोट धरून हंसला. मग त्यानें युगांच्या मोजणीविषयीं असे प्रश्न विचारले कीं, एक वाजला तरी आम्ही खालीं उतरलों नाहीं. या रात्रीचें श्रेय त्या चित्रपटास दिलें पाहिजे. न द्यावें तर तो अन्याय होईल.

सकाळीं आम्हीं त्याच्या पिशवींत जयंत नारळीकरांचें 'यक्षांची देणगी' ठेविलें व त्या लेखकाची एक गोष्ट सांगितली. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती स्वतःच्या नांवानें नव्हे. १९६५ सालींच पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाचें नांव पाहून परीक्षक दबतील, म्हणून आद्याक्षरें उलटीं करून 'नारायण विनायक जगताप' असें नांव घेतलें; हस्ताक्षर ओळखूं नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहविली. कथेस पहिलें बक्षीस मिळालें. २० मे २०२५ रोजीं नारळीकर निवर्तले, तेव्हां लातुराहून नातवाचा फोन आला. "आबा, जगताप गेले," एवढेंच तो म्हणाला.

'कल्कि'चा उत्तरार्ध येणार असल्याचें ऐकतों. नातवानें सांगून ठेविलें आहे कीं, यंदा तो एकहि झलक पाहणार नाहीं. एकदम आम्हां दोघांचीं तिकिटें काढील. त्यास तें कितपत साधेल, सांगवत नाहीं. आम्हीं मात्र येण्याचें कबूल केलें आहे.

गेल्या सुटींत तो घरीं असतां शनिवारीं दारीं तेल मागणारा आला. आम्ही ओंवरींत वाचीत बसलों होतों. नातवानें आंतून पळी आणली, तेल घातलें आणि तो मनुष्य पायऱ्या उतरून जाईपर्यंत उंबऱ्यांत उभा राहिला. वळला तेव्हां आमची नजर आपल्याकडे आहे हें त्याच्या लक्षांत आलें.

"कपाळ पाहत होतों," तो ओशाळून म्हणाला. "फडकं बांधलं होतं."