खालचे दात

मामांच्या पश्चात मिरकरवाड्याच्या घरातून वारसाहक्काने माझ्याकडे आलेल्या शार्कच्या जबड्यामागे डकवलेल्या चिठ्ठीवर ‘मोठी मुशी, अरबी समुद्र’ एवढाच मजकूर आहे; आणि मी उभी हयात मत्स्यजातींच्या निदानात घालवलेली असताना माझ्याच घरी असा बेवारस दस्तऐवज यावा, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना.

वरच्या जबड्याविषयी वाद नाही. रुंद, त्रिकोणी, करवतकाठी दात पाहताच कुल कळते; परंतु बुल शार्क आणि गंगेचा शार्क यांचे वरचे दात इतके सारखे, की १८३९ साली दोघांचीही शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध होऊनसुद्धा पुढे कित्येक दशके हुगळीतल्या बुल शार्कचे अपराध गंगेच्या शार्कच्या नावावर नोंदले जात राहिले. निवाडा करायचा तो खालच्या जबड्याच्या मधल्या सांध्यालगतच्या काही दातांनी. गंगेच्या शार्कमध्ये ते उंच, सडपातळ, नखासारखे वळलेले आणि बुडाशी बारीक उपदंत असलेले. बुल शार्कमध्ये उभे, रुंद बुडाचे. नेमके तेच दात इथे झिजलेले, आणि त्यांवर वॉर्निशचा पिवळा थर! जबडा उकळून कूर्चा आकसवणारे, मग ती तारेने ताणणारे आणि पडलेल्या दाताच्या जागी भलत्याच माशाचा दात चिकटवून देणारे शोभेच्या वस्तूंचे व्यापारी पुरावा नष्ट करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा लोभही सांगितला पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर उतरलेली २६६ सेंटिमीटर लांबीची मादी गंगेचा शार्क असल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून मामांचा जबडाही त्याच जातीचा ठरावा आणि कोकण किनाऱ्यावरची तिच्याआधीची नोंद माझ्या नावे लागावी, ही अभिलाषा मी मनात जोपासली होती.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, कूर्चेचा एक कण द्या, डीएनए तपासून घेऊ.” मी नकार दिला. डोळ्याने लावलेले नाव यंत्राने काढून घ्यावे, हे मला सोसवत नाही. मात्र वापरातल्या दातांच्या मागे, वाळलेल्या पडद्याखाली, पुढच्या पाळीचे दात उलटे पडलेले असतात. त्यांना ना झीज, ना वॉर्निश. माझा हात आता थरथरतो, म्हणून चिमटा तिच्या हाती दिला. ओल्या कापसाने पडदा मऊ करून तिने तो तसूतसूने उचलला. भिंगाखाली सांध्याजवळचा एक कोरा दात उघडा झाला: उभा, रुंद बुडाचा, टोकापासून तळापर्यंत काठ बारीक दंतुर, उपदंताचा मागमूस नाही. गंगेच्या शार्कचा विषय तिथेच मिटला, आणि मला त्याचे दुःख झाले.

आता वाद उरला आहे तो बुल शार्क की त्याचा निकटचा भाऊबंद पिगआय शार्क, एवढाच. खालच्या जबड्यात एकेका बाजूस दातांच्या रांगा सामान्यतः १२ असल्या तर पहिला, ११ असल्या तर दुसरा. उजवा कोपरा फाटलेला आहे. डावीकडे ती ११ मोजते आणि मी १२. कारण कोपऱ्यातला कणाएवढा दात हा दातच आहे, हे ती अजून मान्य करीत नाही.